मोटारीचा स्वयंचलित गिअर आणि विजेचे दोष

शेगावहून पंढरपूरकडे जाणारा महामार्ग लोणार मागे टाकून मंठ्यास येतो व पुढे परतूरच्या दिशेने जातो. जालन्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील हे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर ह्यांचा व्यवहार करणारी बाजारपेठ व रस्त्याच्या कडेची वाहनदुरुस्तीची लहान लहान दुकाने, असे त्याचे स्वरूप मराठवाड्यातील इतर तालुक्यांच्या गावांसारखेच आहे. अशा गावांतील मिस्त्रींनी आजवर रस्त्यात अडलेल्या असंख्य मोटारी मार्गी लावल्या. क्लच घासला तर प्लेट बदलावी, केबल तुटली तर नवी घालावी, बॅटरी उतरली तर चार माणसांनी धक्का मारून गाडी चालू करावी, हे त्यांचे शास्त्र. आणि ते शास्त्र अनुभवाने खरे ठरलेले होते.

परंतु अलीकडे त्यांच्या दारात अशी मोटार येऊन उभी राहते की, जिच्यात क्लचचे पायडलच नाही. कित्येकदा ती धक्क्याने चालू होत नाही. गिअरचा दांडा हलतो, पण गाडी हलत नाही. आणि चालकासमोरच्या तबकडीत एक पिवळा दिवा लागून राहिलेला असतो. मालक हवालदिल झालेला असतो, कारण कोणीतरी त्यास सांगितलेले असते की, ‘गिअरपेटी गेली.’ ह्या दोन शब्दांची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. मध्यम स्थितीच्या कुटुंबाने हप्त्यांवर घेतलेल्या गाडीच्या बाबतीत ती लहानसहान रक्कम नव्हे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, अनेक वेळा हे दोन शब्द खरे नसतात. पेटी शाबूत असते. बिघाड असतो तो तिला आज्ञा पोहोचविणाऱ्या विजेच्या मार्गात. तो मार्ग कसा तपासावा आणि कसा दुरुस्त करावा, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

गिअरचे काम काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इंजिनाला फेऱ्यांच्या ठराविक मर्यादेतच आपला जोर नीट देता येतो. चाकांची गरज मात्र क्षणोक्षणी बदलते. उभी गाडी हलविताना किंवा चढ चढताना जोर अधिक व वेग कमी हवा असतो. सपाट रस्त्यावर ह्याच्या उलट. ह्या दोहोंची सांगड घालणारी जी पेटी, ती गिअरपेटी. साध्या गाडीत डाव्या पायाने क्लच दाबून व हाताने दांडा हलवून चालक ते काम करतो. स्वयंचलित गाडीत ते यंत्राकडे सोपविलेले असते.

हे सोपविण्याच्या रीती मुख्यतः चार आहेत. पहिल्या रीतीत इंजिन व गिअर ह्यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद गोल डबा असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला असता त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते, इतकेच. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर ह्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी काढली. मोटारींत पूर्णपणे स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर आला तो १९३९ च्या अखेरीस, अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल गाडीतून. त्याचे नाव हायड्रा-मॅटिक. कोणता गिअर केव्हा घ्यावयाचा, हे त्यात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपाच ठरवीत. त्या निर्णयात विजेचा हात नव्हता. दुसऱ्या रीतीत दोन कप्प्या व त्यांवरील पट्टा असतो आणि कप्प्यांची रुंदी बदलून गती बदलली जाते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली हूब फान डोर्न ह्यांच्या योजनेप्रमाणे अशी मोटार बाजारात आणली. तिसऱ्या रीतीत दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक काम करीत असता दुसरा पुढची तयारी करून ठेवतो. चौथी रीत सर्वांत साधी. तीत पेटी व क्लच नेहमीच्या गाडीसारखेच असतात. मात्र चालकाच्या पायाचे व हाताचे काम विजेच्या आज्ञेने चालणारे यंत्र करते. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर ही रीत आली आणि लहान गाड्यांत ती चांगलीच रुजली.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून ह्या क्षेत्रात विजेचा अंमल वाढत गेला. आज चारही रीतींत निर्णय घेणारा एक लहानसा संगणक असतो. ही व्यवस्था समजण्यास आपल्याकडील जुनी विभागणी फार उपयोगी पडते. ज्ञानेंद्रिये, बुद्धी आणि कर्मेंद्रिये असे तीन भाग कल्पावे. ज्ञानेंद्रिये म्हणजे सेन्सर. गिअरचा दांडा कोठे आहे, पेटीत शिरणारा दंड किती फिरतो, बाहेर पडणारा दंड किती फिरतो, तेल किती तापले आहे, ब्रेक दाबला आहे की नाही, ह्या सर्वांची वार्ता ते देतात. बुद्धी म्हणजे तो संगणक. कर्मेंद्रिये म्हणजे सॉलेनॉइड. हे तारेचे लहान वेटोळे असून त्यातून वीज वाहिली म्हणजे ते चुंबक बनते व तेलाची झडप उघडते किंवा बंद करते. चौथ्या प्रकारच्या अनेक गाड्यांत ह्यांच्या जोडीला तेलाचा दाब निर्माण करणारा विजेचा पंप असतो. ह्या तिघांना जोडणाऱ्या वायरी, कपलर, फ्यूज आणि अर्थ ह्यांस शरीरातील नाड्या म्हणावे. बुद्धी सहसा बिघडत नाही. बिघाड पुष्कळदा नाड्यांतच असतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते तेही नाड्यांकडेच.

संगणकास एखादी वार्ता खोटी वाटली किंवा आज्ञा पोहोचत नाही असे दिसले, म्हणजे तो पेटीचे रक्षण करण्यासाठी हात आखडता घेतो. सॉलेनॉइडांची वीज तोडतो आणि गाडी एकाच गिअरात, बहुधा मधल्या गिअरात, ठेवतो. गाडी जड होते, वेग घेत नाही, पण घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत येते. ह्या स्थितीलाच पुष्कळ लोक ‘पेटी गेली’ असे म्हणतात. वस्तुतः पेटी जाऊ नये म्हणून संगणकाने घेतलेली ती खबरदारी असते.

आता एक कल्पित उदाहरण घ्यावे. लोणारकडून येणारी एक गाडी मंठ्याच्या अलीकडे एकाएकी जड झाली. दिवा लागला. गाडी तिसऱ्या गिअरात अडकली. मालकाने ती हळूहळू चालवीत दुकानापर्यंत आणली. मिस्त्रीने स्कॅनर लावला. त्यावर एका सॉलेनॉइडच्या मंडलात दोष असल्याचा कोड आला. येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट अशी की, कोडाने ज्याचे नाव घेतले तो भाग मागवावा, पेटीचे तेल काढावे, तो बसवावा आणि गाडी चालते का पाहावे. न चाललीच तर संगणक मागवावा. तरीही न चालली तर पेटी. दुसरी वाट अशी की, कोडाला साक्षीदार समजावे, न्यायाधीश समजू नये. साक्षीदार इतकेच सांगतो की, ‘ह्या मार्गावर वीज जशी वाहावयास हवी तशी वाहिली नाही.’ दोष सॉलेनॉइडमध्ये, वायरीत, कपलरात, अर्थमध्ये की संगणकात, हे त्याने सांगितलेले नसते. ते मोजून ठरवावयाचे असते. सर्व विवेचनाचे सार एवढेच आहे की, नाव ऐकून भाग बदलू नये. मार्ग मोजून दोष सिद्ध करावा.

मोजण्यास क्रम हवा. पहिली पायरी म्हणजे मालकास विचारणे. बिघाड गाडी थंड असता होतो की तापल्यावर? पावसात होतो की कोरड्या दिवशीही? गाडी धुतल्यानंतर झाला का? नवा भोंगा, नवे दिवे किंवा कॅमेरा बसविल्यानंतर झाला का? बॅटरी नुकतीच बदलली का? चांगला वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्यास बोलू देतो. ह्या पाच प्रश्नांच्या उत्तरांत अर्धा शोध पुष्कळदा लागून जातो.

दुसरी पायरी बॅटरी व अर्थ. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टांच्या दरम्यान आकडा यावा. स्टार्टर फिरत असता तो साडेनऊ व्होल्टांच्या खाली फार उतरला, तर बॅटरी थकली असे समजावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. व्होल्टेज पडले की संगणक गोंधळतो व एकाच वेळी पाच-सात कोड नोंदवितो. अशा वेळी पाच-सात भाग बदलणारा मनुष्य एका बॅटरीच्या चुकीपायी पाच-सात निरपराध्यांस शिक्षा देतो. अर्थची वायर इंजिनास, पेटीस व सांगाड्यास जेथे जोडलेली असते, तेथील नट सैल किंवा गंजलेला नाही ना, हेही ह्याच वेळी पाहावे.

तिसरी पायरी फ्यूज आणि ब्रेकचा दिवा. ही पायरी इतकी क्षुल्लक वाटते की, ती बहुधा वगळली जाते. बहुतेक स्वयंचलित गाड्यांत ब्रेक दाबल्याची वार्ता संगणकास मिळाल्यावाचून दांडा उभ्या स्थितीतून सुटत नाही. चौथ्या प्रकारच्या गाड्यांत तर त्यावाचून इंजिनही चालू होत नाही. ही वार्ता देतो तो पायडलाजवळचा लहानसा स्विच, आणि त्याच स्विचावर मागचे लाल दिवे लागतात. यास्तव ‘गाडी गिअर घेत नाही’ अशी तक्रार आली की, एका माणसाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागे जाऊन दिवे लागतात का ते पाहावे. दिवे न लागले तर फ्यूज व स्विच ह्यांच्याकडे वळावे. ज्या गाडीस ओढून जालन्यास नेण्याची तयारी चाललेली असते, ती ह्या दोन मिनिटांच्या परीक्षेने जागेवर चालू होऊ शकते. चौथ्या प्रकारच्या कित्येक गाड्यांत चालकाचे दार उघडताच पंपाचा गुणगुणणारा आवाज येतो. तो मुळीच आला नाही तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. तो वरचेवर येऊ लागला तर दाब कोठेतरी गळतो आहे असे समजावे.

चौथी पायरी कोड वाचण्याची. अमेरिकेत १९९६ सालच्या गाड्यांपासून हे आत्मपरीक्षण व त्यासाठीची सोळा टाचण्यांची खोबण सक्तीची झाली. भारतात ह्या आत्मपरीक्षणाचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये व दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. मात्र येथे एक सापळा आहे. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाच्या संगणकाशीच बोलतात. त्यांवर ‘पी ०७००’ हा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की, गिअरच्या संगणकाने काहीतरी नोंदवून ठेवले आहे. ती चिठ्ठी नव्हे. चिठ्ठी आली असल्याची वर्दी आहे. खरी चिठ्ठी वाचण्यास गिअरच्या संगणकापर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. केवळ ‘पी ०७००’ पाहून पेटी उघडणारा मनुष्य पत्र न वाचताच उत्तर लिहितो. आणखी एक दक्षता घ्यावी. कोड पुसण्यापूर्वी तो कागदावर उतरून घ्यावा आणि त्याबरोबर साठविलेली वेग, उष्णता व व्होल्टेज ह्यांची नोंदही घ्यावी. पुसलेला पुरावा परत मिळत नाही.

पाचवी पायरी प्रत्यक्ष मोजमापाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. त्यासाठी शे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. मात्र तो कोठे व केव्हा लावावा, हे कळले पाहिजे. मघाच्या उदाहरणातील सॉलेनॉइडचा रोध १२ ओहम आहे असे धरू. बारा व्होल्टांच्या दाबाने त्यातून एक अँपिअर वीज वाहावी, हा ओहमचा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो. आता पावसाच्या पाण्याने कपलराच्या टाचणीवर हिरवट गंज चढला व त्या गंजाने चार ओहमचा रोध वाढविला. एकूण रोध सोळा झाला. वीज पाऊण अँपिअरवर आली. बारांपैकी तीन व्होल्ट गंजातच खर्च झाले. सॉलेनॉइडच्या वाट्यास नऊच आले. झडप पुरी उघडली नाही, आणि संगणकाने कोड नोंदविला. मिस्त्रीने कपलर काढून सॉलेनॉइड मोजला, तर बरोबर १२ ओहम, तो निर्दोष. मग सुटलेल्या कपलरात मीटर लावून व्होल्टेज पाहिले, तर पुरे बारा, वायरही निर्दोष. दोन्ही निर्दोष, तर दोषी कोण? मग संगणकावर आळ येतो, आणि संगणक स्वस्त नसतो.

ह्या फसवणुकीचे कारण सोपे आहे. वीज वाहत नसेल तर रोधात व्होल्टेज खर्च होत नाही. नळाची तोटी बंद असता पाइपात कचरा असला तरी पाण्याचा दाब पुरा दिसतो. तोटी उघडली की धार बारीक पडते. म्हणून परीक्षा करावयाची ती कपलर जोडलेला ठेवून, सॉलेनॉइड चालू असताना. मीटरची एक सुई कपलराच्या अलीकडे व दुसरी पलीकडे टेकवावी. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या जवळपास यावा. व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा चालेल. तेथे तीन व्होल्ट दिसले की चोर सापडला. अर्थचीही परीक्षा अशीच करावी: एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी पेटीच्या अर्थवर, आणि इंजिन व दिवे चालू. मात्र संगणकास जाणाऱ्या वायरींना साधा टेस्ट लॅम्प लावू नये आणि बॅटरीची वीज थेट देऊन पाहू नये. परीक्षेच्या नादात संगणक जळण्याचा संभव असतो.

आधुनिक गाडीतील निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलतात ते पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींतून. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. ह्या जोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो; त्यामुळे बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमध्ये मोजले असता ६० ओहम यावेत. बहुतेक गाड्यांत खोबणीच्या सहाव्या व चौदाव्या टाचणीवर हे मोजता येते. ६० च्या जागी १२० आले तर एक टोक तुटलेले आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींस चिकटल्या आहेत. ज्याने केवळ हा एक आकडा पाठ केला, त्याने कित्येक निरपराध संगणक वाचविले असे म्हणावयास हरकत नाही.

दोष सापडल्यावर दुरुस्ती कशी करावी, ह्यासही नियम आहेत. वायर जेथे काळवंडली असेल तेथून मागे, लखलखीत तांबे दिसेपर्यंत, कापावी. तितक्याच जाडीची नवी वायर डाग देऊन किंवा घट्ट दाबून जोडावी. आणि वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. नुसती काळी चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेत सुटते. अनेक वायरी जोडावयाच्या असतील तर सर्व जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. बोलणाऱ्या जोडीचा पीळ तसाच राखावा. कपलराच्या टाचण्या पॉलिशकागदाने घासू नयेत. त्यावरील पातळ मुलामा गेला की गंज लवकर येतो. त्यासाठी मिळणारे द्रव वापरावे. शेवटी कोड पुसावा, निर्मात्याने सांगितलेली शिकवणी स्कॅनरवरून संगणकास पुन्हा द्यावी, आणि तेल तापेपर्यंत गाडी चालवून पाहावी. उभ्या गाडीत दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे.

असे दोष येतात तरी कोठून? त्यांची कारणे फार दूर शोधावी लागत नाहीत. धान्य, सरकी व कापूस जेथे साठविला जातो तेथे उंदीर असतातच, आणि रात्री गरम इंजिनाच्या उबेस येऊन ते वायरी कुरतडतात. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी स्वच्छ करताना जोराच्या फवाऱ्याने इंजिनाच्या खोलीतही पाणी मारले जाते, आणि ते कपलरांत शिरते. वाढीव दिवे व भोंगे बसविताना मूळच्या वायरीस कोठेही चिरा पाडून जोड दिला जातो. गाडीच्या सांगाड्यास वेल्डिंग करताना बॅटरी सोडविली जात नाही. बॅटरी उतरल्यावर दुसऱ्या गाडीची वीज घेताना धन व ऋण टोकांची उलटापालट होते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट टाळण्यासारखी आहे, आणि टाळण्यास खर्च जवळजवळ काहीच नाही.

क्वचित् कारण अनपेक्षित असते. फोक्सवॅगन कंपनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या. त्यांच्या दुहेरी क्लचच्या, सात गतींच्या गिअरपेटीत जे कृत्रिम तेल भरले होते, त्यामुळे उष्ण व दमट हवेत आणि वारंवार थांबत चालणाऱ्या वाहतुकीत पेटीच्या वीजपुरवठ्यात दोष येऊ शकत होता. उपाय काय केला, तर ते तेल काढून खनिज तेल घातले. दोष विजेचा, कारण तेल! ह्या उदाहरणाचा बोध असा की, पेटीत निर्मात्याने सांगितलेलेच तेल घालावे. ‘तेल ते तेल’ हा न्याय येथे लागू पडत नाही.

ह्यावरून पेटी कधीच दोषी नसते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ‘पी ०७३०’ हा कोड गिअरचे प्रमाण चुकल्याचे सांगतो. दोन्ही दंडांच्या फेऱ्या स्कॅनरवर पाहून प्रमाण खरोखर जुळत नसेल, तेलास जळका वास येत असेल, त्यात धातूचा चुरा दिसत असेल, तर आतील क्लच झिजले आहेत हे मान्य करावेच लागते. परंतु तो निकाल शेवटी लागावा. वीजमार्ग निर्दोष असल्याचे सिद्ध झाल्यावर. आणि ज्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील, तेथे साध्या मिस्त्रीने हात घालू नये. ती वीज बारा व्होल्टांची नसून प्राणघातक असते, आणि तिच्यासाठी वेगळे शिक्षण लागते.

मालकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. तेलाच्या डब्याची गाडी धक्का मारून चालू होत नाही. तो प्रयत्न करू नये. ती बंद पडल्यास, जी चाके इंजिनाने फिरतात ती जमिनीवर ठेवून लांबवर ओढू नये. इंजिन बंद असता पंप बंद असतो, तेल फिरत नाही, आणि धडधाकट पेटी वाटेत जळते. ती वाहून नेणाऱ्या सपाट वाहनावरच चढवावी. दुरुस्तीच्या वेळी, ‘कोणता भाग बदलला?’ एवढेच न विचारता, ‘काय मोजले, आणि आकडा किती आला?’ हेही विचारावे. जो कारागीर आकडा सांगतो त्याचे श्रम मालकाने मानावे, मग त्याने एकही नवा भाग बसविला नसला तरी. गंजलेली टाचणी शोधण्यास दोन तास लागतात व ती साफ करण्यास पाच मिनिटे. जर मालक पाच मिनिटांचेच पैसे देऊ लागला, तर कारागीरही उद्या भाग बदलण्याचाच मार्ग धरील, आणि त्यात नुकसान मालकाचेच होईल.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. लहान गावातील मिस्त्रीस हे ज्ञान नसेल, तर नव्या गाड्या त्याच्या दारावरून पुढे जातील आणि त्याचा धंदा आटेल. गावकऱ्यासही प्रत्येक लहान बिघाडासाठी जालन्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागेल. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर-प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलास पान्याइतकाच मीटरही हाताळता आला पाहिजे. जे आधीच धंद्यात आहेत त्यांच्यासाठी एक सोपी साधना आहे. दुकानात एक वही ठेवावी. केवळ तेल बदलण्यासाठी आलेल्या निरोगी गाडीवरही पाच मिनिटे खर्चून, मालकाच्या संमतीने, बॅटरीचे व्होल्टेज, अर्थचा आकडा व दोन वायरींमधील रोध मोजून गाडीच्या नावापुढे लिहून ठेवावा. वर्षभरात ती वही कोणत्याही छापील पुस्तकाहून अधिक उपयोगी होईल. कारण रोगट नाडी ओळखण्यास निरोगी नाडी आधी ठाऊक असावी लागते. पुढच्या पावसाळ्यात मंठ्याच्या रस्त्यावर एखादी गाडी तिसऱ्या गिअरात अडकून आली, तर मिस्त्रीने पान्याच्या आधी ती वही उघडावी.